स्वस्त बांधकाम आणि महाग इमारत

(पालक-सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



नव्या वर्गखोल्यांसाठी आपण सर्वजण पैसा उभा करीत आहोत. कोणी आखातातून पाठविला, कोणी आपल्या रोजंदारीतून काढून दिला. तेव्हा गेल्या सभेत एका पालकांनी विचारलेला प्रश्न अगदी रास्त होता: “बांधकाम तर कंत्राटदार करणार. मग देखरेखीचा अभियंता, काँक्रीटची तपासणी, पाणी मारायला वेगळा माणूस, हा जादा खर्च कशाला? त्यात मुलांसाठी बाके येतील.” या प्रश्नाचे उत्तर रागाने किंवा उपदेशाने देता येत नाही. ते हिशेबानेच दिले पाहिजे. मी अभियंता नाही. परंतु हा हिशेब सातवीच्या गणिताचा आहे, म्हणून तो मांडण्याचे धाडस करतो.

प्रथम दर्जा म्हणजे काय ते ठरवू. दर्शनी भिंतीला महागडी फरशी लावली, तर ती शोभा झाली. स्लॅब गळत नाही, सळई गंजत नाही, जिना पन्नास वर्षे मुलांचा भार झेलतो, हा दर्जा होय. ज्या उपयोगासाठी वस्तू केली त्याला ती पुरी पडली पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ. शोभेवरचा खर्च वाचविणे ही काटकसर आहे. दर्जावरचा खर्च वाचविणे हे बहुधा कर्ज काढणे असते, आणि ते आपली मुले फेडतात.

अमेरिकेतील फायगेनबॉम नावाच्या तज्ज्ञांनी १९५६ साली कारखान्यांसाठी दर्जाच्या खर्चाची वाटणी करून दाखविली. तीच पुढे बांधकामालाही लागू झाली. पहिला खर्च चूक होऊच नये म्हणून केलेला, म्हणजे नीट नकाशा, जमिनीची पाहणी, कुशल गवंडी. दुसरा खर्च तपासणीचा. तिसरा खर्च काम चालू असताना चूक सापडली म्हणून ते तोडून पुन्हा करण्याचा. चौथा खर्च इमारत ताब्यात आल्यावर चूक उघडी पडली म्हणून सोसावा लागणारा. गंमत अशी की, पहिल्या दोन खर्चांची पावती आपल्याला आज दिसते, म्हणून ते डोळ्यांत खुपतात. चौथा खर्च कोणत्याही दरपत्रकात लिहिलेला नसतो.

आता उदाहरण घेऊ. हजार चौरस फुटांचा आणि पाच इंच जाडीचा स्लॅब धरा. त्यात सुमारे बारा घनमीटर काँक्रीट लागते. पुढील रुपये मी हिशेबासाठी गृहीत धरले आहेत. प्रत्यक्ष दर आपण आपापल्या गावचे घालावेत. सळई आणि फळी यांत योग्य अंतर राखणारे कव्हर ब्लॉक एक हजार. भारतीय मानकाप्रमाणे एवढ्या काँक्रीटचे दोन नमुने, म्हणजे सहा ठोकळे, तपासावे लागतात. त्याचे तीन हजार. पाणी मारायला चौदा दिवस एक माणूस, रोज सहाशेप्रमाणे आठ हजार चारशे. अभियंत्याच्या जादा फेऱ्यांचे पाच हजार सहाशे. एकूण अठरा हजार. बांधकामाचा दर चौरस फुटाला अठराशे धरला, तर अठरा लाखांच्या कामात हा खर्च शंभराला एक रुपया पडतो.

समजा, हा खर्च वाचविला आणि काही वर्षांनी स्लॅब गळू लागला. प्लास्टर काढणे, गंजलेली सळई साफ करणे, भेगा भरणे, वरून वॉटरप्रूफिंग करणे, यांस चौरस फुटाला एकशेवीस रुपये धरले तरी एक लाख वीस हजार होतात. “पण प्रत्येक स्लॅब थोडाच बिघडतो?” असे आपण म्हणाल. बरोबर आहे. म्हणून अठरा हजारांना एक लाख वीस हजारांनी भागा. उत्तर येते शंभरात पंधरा. म्हणजे देखरेखीमुळे बिघाडाचा संभव शंभरात पंधराने जरी कमी झाला, तरी खर्च भरून निघतो. त्याहून अधिक कमी झाला की नफाच. दर्जा सुधारण्याच्या कोणत्याही सूचनेला हाच प्रश्न विचारावा: यावर किती खर्च, यामुळे कोणते नुकसान टळते आणि ते टळण्याचा संभव किती? या कसोटीला न उतरणारा खर्च अभियंत्याने सुचविला तरी नाकारावा.

डच अभियंता द सिटर यांनी १९८४ साली काँक्रीटसाठी एक ठोकताळा सांगितला. बांधताना जो एक रुपया वाचविला, त्याचे वेळीच देखभाल केली तर पाच, गंज लागल्यावर पंचवीस आणि गंज सर्वत्र पसरल्यावर एकशेपंचवीस रुपये होतात. हे अचूक गणित नव्हे. पण बिघाडाची दिशा त्यात बरोबर दाखविली आहे.

सर्वांत किफायतशीर सुधारणा कोणत्या? ज्यांना पैसा जवळजवळ लागतच नाही, त्या. आपल्यापैकी अनेकजण गवंडी, सेंट्रिंग, सळई यांच्या कामात आयुष्य घालविलेले आहेत. त्यांना हे माझ्याहून अधिक ठाऊक आहे. पन्नास किलोच्या गोणीला पाण्याचे प्रमाण निम्मे धरले तर पंचवीस लिटर पाणी लागते. काम लवकर सरकावे म्हणून मिश्रणात आणखी अर्धी बादली ओतली की काँक्रीट पसरते छान, पण जादा पाणी उडून गेल्यावर आत सूक्ष्म पोकळ्या राहतात. बळ घटते आणि त्याच वाटेने ओल सळईपर्यंत पोहोचते. बादली मोजण्याला खर्च शून्य. समुद्रकाठच्या गावांत तर खारी हवा सळईची वैरीण आहे. म्हणूनच किनाऱ्यावरील उघड्या काँक्रीटमध्ये सळईवर ४५ मिलिमीटर आवरण असावे, असे मानक सांगते. घरातील कोरड्या जागी २० पुरते. पाणी मारण्याचेही तसेच. साध्या सिमेंटला किमान सात दिवस, मिश्र सिमेंटला किमान दहा, आणि हवा कोरडी व उष्ण असेल तर चौदा दिवस ओल टिकली पाहिजे. शुक्रवारी स्लॅब टाकला आणि सोमवारी सगळे गावी गेले, तर चांगले सिमेंटही वाया जाते.

काही खर्च मात्र रुपयांत बसत नाहीत. मी पूर्वी एका शाळेत होतो. तिथे स्लॅब गळे, म्हणून पावसाळाभर दोन वर्ग एका खोलीत बसत. मागच्या बाकावरच्या मुलांना फळा दिसत नसे. त्या वर्षी ज्यांचे अपूर्णांक कच्चे राहिले, त्यांचे नुकसान कोणत्या खातेवहीत लिहिले गेले? आणि याहूनही भयंकर गोष्ट आपल्याच कोकणात घडली. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडमध्ये पाच मजली इमारत कोसळून सोळा जीव गेले. ती काही पडीक, पुरातन इमारत नव्हती. तिथे हिशेबाची वही मिटवावी लागते.

म्हणून बांधकाम समितीला माझ्या तीन विनंत्या आहेत. एक, कव्हर, पाण्याचे प्रमाण, ठोकळ्यांची तपासणी आणि पाणी मारण्याचे दिवस या अटी करारातच लिहाव्यात. नंतर मागितलेली गोष्ट कंत्राटदाराला उपकार वाटते. दोन, कामावर एक वही ठेवावी. तारीख, गोण्या, मोजलेले पाणी, पुन्हा करावे लागलेले काम आणि त्याचा खर्च रोज लिहावा. आमच्या नववी-दहावीच्या मुलांनी शिक्षकांबरोबर ही वही दर महिन्याला तपासून बेरजा कराव्यात. त्यांचे गणितही होईल. तीन, बिलाचा काही भाग पहिला पावसाळा पार पडेपर्यंत राखून ठेवावा. पैसा अपुरा पडला, तर दर्शनी कमान आणि रंगकाम पुढे ढकलावे. स्लॅबवर कात्री चालवू नये.

मंडळी, लोकांनी विश्वासाने दिलेला पैसा ही अमानत आहे. मापात कमी देऊ नये ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो. ती केवळ वाण्याच्या तराजूसाठी नाही. सळईवरच्या आवरणाला आणि पाण्याच्या बादलीलाही ती लागू आहे. ज्या पालकांनी प्रश्न विचारला त्यांचे मी आभार मानतो. बाके आपण पुढल्या वर्षीही आणू शकू. परंतु एकदा टाकलेला स्लॅब पुन्हा टाकता येत नाही.