आईनं टीव्ही बंद केला, बाबांनी लावला

हेडफोन लावलेत? आजचा एपिसोड छोटा आहे, पण माझ्या घरातलाच आहे.

मी नववीत होतो. घरात नियम कडक. रात्री नऊनंतर मोबाईल नाही, टीव्हीवर फक्त क्रिकेट. मॅचमध्ये काय वाईट असणार, असं आईला वाटायचं. पण मॅच बघतानाच माझ्या डोक्यात बसलं की 'ती' पुडी खाणारा म्हणजे भारी माणूस. जाहिरात वेलचीची होती. टपरीवर मात्र त्याच नावाचा पानमसाला मिळायचा, सोबत तंबाखूची वेगळी पुडी.

क्लाससमोर मित्रानं पुडी पुढे केली, मी घेतली. मग रोजच. एक दिवस आईला खिशात रिकामी पुडी सापडली. पॉकेटमनी बंद, मॅचही बंद. मी पुडी सोडली का? नाही. कंपासपेटीत लपवायला शिकलो.

पुढच्या रविवारी बाबांनीच मॅच लावली आणि मला शेजारी बसवलं. ती जाहिरात लागली. बाबा म्हणाले, "वेलची विकायला एवढा मोठा हिरो कशाला लागतो रे?"

मला उत्तर सुचेना. उत्तर सोपं आहे. २००३ च्या कायद्यानं तंबाखूच्या जाहिरातीवर बंदी आली. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावरही बंदी आहे. म्हणून दाखवायची वेलची आणि लक्षात ठेवायला लावायचं नाव.

मग बाबा म्हणाले, "तीन बोटं उभी धरून तोंडात घाल." माझी गेली. त्यांचं एकच गेलं. त्यांनी पंधरा वर्षं गुटखा खाल्ला होता. सुपारीनं तोंडाच्या आतली त्वचा कडक होत जाते, तोंड उघडेनासं होतं. बाबा वडापाव तुकडे करून खायचे, ती मला त्यांची सवय वाटायची!

"तुझे खिसे मी तपासणार नाही," ते म्हणाले. "पण असं काही दिसलं की आपण बोलायचं."

त्या रात्री कंपासपेटी मीच रिकामी केली. नंतर दोनदा मोह झाला, दोन्ही वेळा बाबांना सांगितलं.

आई चुकली असं मी म्हणत नाही. नियम हवेतच. पण नियम घरापुरता चालतो, टपरीवर आपण एकटेच असतो. तिथे मला बाबांचा प्रश्न आठवला.

आज रीलमध्ये कुणी पावडर, गोळी, व्हेप दाखवली तर तुम्हीही विचारा: हा नेमकं काय विकतोय? आणि पुडी सुटत नसेल तर १८००-११२-३५६ वर फोन करा, मोफत आहे.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!