शौर्याची मोजपट्टी: एक पदक आणि तीन सेनादले

वाराणसी ही विद्येची आणि मोक्षाची नगरी म्हणून सर्वश्रुत आहे. परंतु याच नगरीच्या छावणी भागात तिसऱ्या आणि नवव्या गोरखा रायफल्सचे जवान घडविणारे ३९ गोरखा प्रशिक्षण केंद्रही आहे, आणि भोवतालच्या पूर्वांचलातून सैन्यात जाण्याची परंपरा जुनी आहे. या भूमीत शौर्याचा विचार सुरू झाला की दोन नावे सहज ओठांवर येतात.

पहिले नाव कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद यांचे. वाराणसीच्या शेजारच्या गाझीपूर जिल्ह्यातील धामूपूर हे त्यांचे गाव. सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरण विभागात, जीपवर बसविलेल्या रणगाडाविरोधी तोफेच्या साहाय्याने शत्रूचे रणगाडे एकामागून एक निकामी करीत असता त्यांना वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले. दुसरे नाव कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांचे. त्यांचा जन्म गोरखपूरचा. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडीने ‘खुकरी’ ही युद्धनौका बुडविली. आपल्या माणसांना नौका सोडण्याचा आदेश देऊन मुल्ला स्वतः मात्र नौकेबरोबर सागरतळाशी गेले. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळाले.

या दोघांत अधिक शूर कोण, असे विचारणे अनुचित होय. विचारण्याजोगा प्रश्न वेगळाच आहे. भूमीवरील, समुद्रावरील आणि आकाशातील शौर्य एकाच मापाने मोजले जाते काय? आणि ते तसे मोजता येते काय?

नियमांचे शब्द पाहिले तर माप एकच आहे. २६ जानेवारी १९५० रोजी स्थापन झालेले परमवीरचक्र शत्रूसमोर दाखविलेल्या अत्युच्च शौर्यासाठी किंवा आत्मत्यागासाठी आहे. ते शौर्य भूमीवर, समुद्रात वा आकाशात, कोठेही घडलेले असो. पदकाचे रूपही तिन्ही दलांसाठी एकच आहे. मराठी सेनाधिकारी विक्रम खानोलकर यांच्या स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या पत्नी सावित्रीबाई यांनी ते रेखाटले, आणि त्यावर इंद्राचे वज्र कोरले. अमेरिकेत सर्वोच्च पदकाचे भूदल, नौदल आणि वायुदल यांसाठी तीन निरनिराळे घाट आहेत. भारताने तो मार्ग पत्करला नाही.

असे असूनही आजवरच्या २१ परमवीरचक्रांपैकी २० भूदलाच्या वाट्याला आली, एक वायुदलाला मिळाले आणि नौदलाला एकही नाही. एवढ्यावरून पक्षपाताचा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. भूदल हे तिन्हींत सर्वांत मोठे दल आहे. १९४७-४८ चे काश्मीरचे युद्ध, १९६२ चा संघर्ष आणि १९९९ चे कारगिल युद्ध ही मुख्यतः भूमीवरच लढली गेली. शिवाय १९७१ च्या युद्धात नौदलाच्या पराक्रमाची दखल घेतली गेलीच नाही, असेही नाही. कराचीवरील क्षेपणास्त्र हल्ल्याचे नेतृत्व करणारे कमांडर बब्रूभान यादव आणि बांगलादेशाच्या नद्यांमधील मोहिमेचे सूत्रधार कमांडर एम. एन. सामंत हे दोघेही महावीरचक्राचे मानकरी आहेत.

तथापि संख्येच्या पलीकडे एक मूलभूत अडचण उरतेच, आणि ती साक्षीची आहे. शौर्यपदकाची शिफारस वरिष्ठ अधिकाऱ्याच्या लेखणीतून सुरू होते. म्हणून कृत्य कोणी तरी पाहिलेले असावे लागते, आणि ते एका व्यक्तीचे म्हणून वेगळे काढता यावे लागते. कारवारजवळच्या चेंडिया गावचे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांनी एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा ते राजौरी या मार्गावर गोळीबारात सुरुंग आणि अडथळे दूर करून रणगाड्यांना वाट काढून दिली. त्यांचे काम मागून येणारी संपूर्ण फौज पाहत होती. १४ डिसेंबर १९७१ रोजी फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों एका नॅट विमानातून सहा सेबर विमानांना सामोरे गेले. तेही श्रीनगरच्या विमानतळाच्या परिसरात, झाडांच्या शेंड्यांइतक्या उंचीवर. शत्रूच्या प्रदेशात दूरवर पडलेल्या विमानाला असे साक्षीदार कोठून मिळणार?

समुद्रावर ही अडचण दुणावते. नौका लढते ती अवघ्या ताफ्यानिशी. इंजिनघरात अखेरपर्यंत उभा राहिलेला खलाशी कोणाला दिसत नाही. नौका बुडाली की साक्षी आणि साक्षीदार एकदमच जलसमाधी घेतात.

इतर देशांनाही हा पेच सुटला नव्हता. १९४० मध्ये नॉर्वेनजीक ‘ग्लोवर्म’ या ब्रिटिश विनाशिकेने ‘हिपर’ या बलाढ्य जर्मन क्रूझरला धडक दिली. तिचे कप्तान रूप यांना पुढे व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तो जर्मन कप्तानाने पाठविलेल्या वृत्तान्ताच्या आधारे! १९४३ मध्ये न्यूझीलंडचे वैमानिक लॉइड ट्रिग यांनाही हा सन्मान मिळाला. त्यांच्या विमानातील कोणीही वाचले नव्हते, साक्ष दिली ती त्यांनी बुडविलेल्या पाणबुडीच्या खलाशांनी. सामूहिक पराक्रमासाठी ब्रिटिश नियमांत आणखी एक तरतूद होती: तुकडीतील लोकांनीच मतदान करून आपला प्रतिनिधी निवडावा. १९१८ च्या झेब्रुग येथील नौदलाच्या हल्ल्यानंतर काही क्रॉस अशाच रीतीने दिले गेले. अमेरिकेत १९४२ पासून वैमानिकांना ‘एअर मेडल’ मिळू लागले, तेव्हा चिखलात लढणाऱ्या पायदळाचे मनोधैर्य खचू नये म्हणून सेनापती मार्शल यांच्या आग्रहावरून १९४४ मध्ये ‘ब्राँझ स्टार’ निर्माण करावा लागला. एका दलाचा सन्मान दुसऱ्या दलाला उपेक्षा वाटू शकतो, हे त्यांनी ओळखले होते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. न्याय म्हणजे प्रत्येक दलाला पदकांचा समान वाटा नव्हे. तसे केल्यास पदकाचे मोलच उरणार नाही. पण जेथे साक्षीदार बुडाले वा जळाले तेथे साक्ष अधिक कष्टाने शोधली पाहिजे, प्रसंगी शत्रूकडूनही घेतली पाहिजे. आणि जेथे पराक्रम सर्वांचा आहे तेथे तो सर्वांचा म्हणून नोंदविण्याची रीत असली पाहिजे. शब्द एकच ठेवून शोध मात्र असमान ठेवला, तर माप एकच राहत नाही.

‘खुकरी’बरोबर १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. दीवच्या किनाऱ्यावर त्यांचे स्मारक आहे. कप्तानाचे धैर्य वाचलेल्यांनी सांगितले म्हणून ते इतिहासात राहिले. खालच्या मजल्यावरील कित्येकांनी त्या रात्री काय केले, हे सांगण्यास कोणी परत आले नाही. त्यांच्या घरी पदक पोहोचले नाही, याचा अर्थ शौर्य नव्हते असा होत नाही. साक्ष पोहोचली नाही, एवढाच होतो. मोजपट्टी हाती धरणाऱ्याने हा भेद कधीही विसरता कामा नये.