शिष्य आणि तबकडी



कलावंताने आयुष्यभर साधना करून जे नवे निर्माण केले, ते त्याच्या पश्चात कोणी सांभाळावयाचे, हा प्रश्न आपल्या कोल्हापुरास नवा नाही. गानसम्राट अल्लादियाखाँ छत्रपती शाहू महाराजांच्या आश्रयाने ह्याच नगरीत दीर्घकाळ राहिले. महाराज १९२२ साली निवर्तल्यावर ते मुंबईस गेले व तेथे १९४६ साली त्यांचे देहावसान झाले. एवढा मोठा गवई; परंतु त्यांच्या गाण्याची एकही तबकडी बाजारात आली नाही. तरीही त्यांची गायकी नष्ट झाली नाही. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्या कंठात ती राहिली. त्यांचे चिरंजीव मंजीखाँ व भुर्जीखाँ यांच्याकडून ती मल्लिकार्जुन मन्सूरांकडे गेली. शिष्य हीच खाँसाहेबांची तबकडी होती.

पण ज्या संगीतात अशी गुरुशिष्यपरंपरा नाही, त्यातील कलावंताने काय करावे? ह्या प्रश्नाचा विचार करताना मला वारंवार एका गिटारवादकाचे स्मरण होते, आणि त्याचीच हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे. त्याचे नाव अमान्सिओ डिसिल्वा. जन्म १९३६ साली मुंबईस, घराणे गोव्याचे, वाद्य गिटार आणि संगीत जॅझ.

जॅझ म्हटले की आपल्यापैकी पुष्कळांच्या डोळ्यांपुढे हॉटेलातील नाच व गोंगाट उभा राहतो. त्यात आश्चर्य नाही, कारण आपल्याकडे ते संगीत त्याच वाटेने आले. १९३५ च्या सुमारास मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात अमेरिकन नीग्रो वादकांचे संच येऊ लागले. त्यांच्या शेजारी बसून ही विद्या उचलली ती मुख्यतः गोमंतकीय वादकांनी. गोव्यातील चर्चच्या शाळांतून पाश्चात्य स्वरलेखनाचे पाठ त्यांना लहानपणीच मिळालेले असत. पुढे हेच वादक चित्रपटसंगीताचे आधारस्तंभ झाले. आपले सी. रामचंद्र यांच्या ‘अलबेला’मधील नाचती गाणी १९५१ साली देशभर दुमदुमली, त्यांमागे चिक चॉकलेट ह्या नावाने प्रसिद्ध असलेल्या गोमंतकीय ट्रम्पेटवादकाचा हात होता. ह्या मंडळींचे पोट भरले, परंतु तबकडीवर नाव मात्र बहुधा दुसऱ्याचेच राहिले.

वस्तुतः जॅझची घडण आपल्या मैफलीस फारशी परकी नाही. आरंभी सर्व वादक मिळून एक चाल वाजवितात. आपण तिला बंदिश म्हणू. त्या चालीखाली स्वरसंघांचे एक आवर्तन असते. ते अखंड फिरत राहते आणि त्यावर एकेक वादक आयत्या वेळी सुचेल तसा विस्तार करतो. शेवटी सर्वजण पुन्हा मूळ चालीवर येतात. भेद एवढाच की आपला गवई एका षड्जाच्या आधाराने चालतो, तर जॅझवादकाच्या पायाखालची जमीन दर चार-दोन मात्रांनी बदलत असते. १९५९ साली माइल्स डेव्हिस ह्या अमेरिकन ट्रम्पेटवादकाने ‘काइंड ऑफ ब्लू’ ही तबकडी काढली. तीत हे स्वरसंघ फार कमी करून एकेका स्वरसप्तकावर दीर्घकाळ रमण्याची रीत त्याने रूढ केली. त्यामुळे जॅझ आणि राग ह्यांमधील अंतर पुष्कळच कमी झाले.

डिसिल्वा ह्याच वळणावर उभा होता. मुंबईच्या जॅझमध्ये त्याचा हात तयार झाला होता. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी, म्हणजे बडोद्याच्या इंदिराराजे यांच्या कन्या, यांचा आश्रयही त्यास लाभला होता. १९६७ साली तो लंडनला गेला. तेथे डेनिस प्रेस्टन नावाच्या जाणत्या निर्मात्याने त्याचे वादन ऐकले आणि त्यास स्वतःच्या रचना ध्वनिमुद्रित करण्याची संधी दिली. १९६९ साली ‘इंटिग्रेशन’ ही तबकडी निघाली. त्याच वर्षी जमैकाचा थोर सॅक्सोफोनवादक जो हॅरियट याच्यासमवेत दुसरी निघाली. तिचे नाव मात्र अस्सल हिंदी, ‘हम दोनो’. त्यांतील चालींची नावेच पाहा : ‘गंगेस’, ‘जयपूर’, ‘बॅलड फॉर गोवा’. परदेशी स्टुडिओत बसून हा मनुष्य आपल्या स्मरणातील मुलूख एकेक करून सुरांत मांडीत होता.

‘हम दोनो’ मध्ये नॉर्मा विन्स्टन ह्या इंग्रज गायिकेचा आवाज आहे, पण गीताचे शब्द नाहीत. ती नुसत्या स्वरांनी वाद्यांच्या मेळ्यात मिसळते. अल्लादियाखाँच्या घराण्याचा भरदार आकार ज्या कोल्हापूरकरांच्या कानात आहे, त्यांनी तो भाग अवश्य ऐकावा. तो आकार आणि हा आकार एक नव्हेत. परंतु शब्द दूर सारून निव्वळ स्वरावर विसंबण्याचे धैर्य दोहोंकडे आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. गिटारीस पडदे असतात. सतारीप्रमाणे तिची तार पाच-पाच स्वर ओढता येत नाही. वाद्याची ही मर्यादा ओळखूनच तिच्यावर काय बोलता येईल, हे वादकास शोधावे लागते. अल्लादियाखाँविषयीही असेच सांगतात की तरुणपणी अतिगायनाने त्यांचा आवाज बिघडला, आणि त्या बदललेल्या आवाजास साजेल अशी पेचदार, दमसासाची गायकी त्यांनी नव्याने उभारली. नवनिर्मिती पुष्कळदा अशा अडचणीच्या पोटी जन्मास येते. जे जमत नाही त्याचा शोक न करता, जे उरले आहे त्यातून आपली वाट काढणारा कलावंतच स्वतःचे असे काही मागे ठेवतो.

ह्यानंतरचा भाग मात्र खेदाचा आहे. १९७२ साली ‘ड्रीम सीक्वेन्स’ नावाची तबकडी निघाली. तीत डिसिल्वाच्या गिटारीस तबल्याची साथ होती आपल्या मुंबईच्या केशव साठे यांची. त्याच सुमारास त्याने आणखी एक तबकडीभर रचना वाजवून ठेवल्या. त्यांत एक होती ‘अ स्ट्रीट इन बॉम्बे’ आणि दुसरी ‘कोंकण डान्स’. कोल्हापुराहून गगनबावड्याचा घाट उतरला की जो मुलूख लागतो, त्याचे नाव लंडनमधील एका फितीवर लिहिले गेले. परंतु ते ध्वनिमुद्रण प्रसिद्धच झाले नाही. ते कपाटात पडून राहिले. डिसिल्वा १९९६ साली वारला, आणि ‘कोंकण डान्स’ ही तबकडी लोकांच्या हाती आली २००६ साली! जवळजवळ तीन तपे ते संगीत मुके राहिले, आणि ज्याने ते निर्मिले त्यास श्रोत्यांची पसंती कधीच कळली नाही.

ती फीत त्या कपाटात कुजली असती तर? अल्लादियाखाँचे गाणे शिष्यांनी सांभाळले. पण जॅझवादकाचा विस्तार त्या क्षणी सुचतो आणि त्या क्षणीच विरतो; त्याची चाल कागदावर लिहिता येते, वादन लिहिता येत नाही. त्याच्या दृष्टीने तबकडी हा व्यापाराचा जिन्नस नसून तोच त्याचा एकुलता एक शिष्य होय. म्हणूनच मुरलेला वादक जेव्हा दुसऱ्यांच्या चाली बाजूस ठेवून स्वतःच्या नव्या रचना मुद्रित करावयास बसतो, तेव्हा त्या खोलीत फार मोलाचे काही घडत असते.

शिष्य आणि तबकडी ह्यांमध्ये श्रेष्ठ कोण, हा वाद मला घालावयाचा नाही. केसरबाईंच्या ठायी तर दोन्ही एकत्र आली. त्यांनी गायिलेली भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरील सोन्याच्या मुलाम्याच्या तबकडीतून अंतराळात गेली. ज्या गुरूने आपली एकही मुद्रिका बाजारात येऊ दिली नाही, त्याच्या शिष्येचा स्वर आज सूर्यमालेच्या सीमेपलीकडे प्रवास करीत आहे.

पण एवढे दूर जाण्याची आवश्यकता नाही. आपल्या गावात, आपल्या पेठेत, एखादा वृद्ध क्लॅरिनेटवादक असेल, एखादा पेटीवाला असेल. बँडात व तमाशात त्याने जन्मभर दुसऱ्यांच्या चाली वाजविल्या असतील. परंतु रात्री घरी परतल्यावर स्वतःच्या चार चाली त्याने बांधल्याही असतील. त्यास शिष्य नसेल आणि त्याची तबकडी कोणी काढणार नाही. आजकाल घरोघरी प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रणाचे यंत्र आहे. अशा वादकाकडे एक संध्याकाळ जावे, त्यास त्याची स्वतःची चाल वाजविण्याची विनंती करावी, ती मुद्रित करावी आणि, मुख्य म्हणजे, त्याच्या हयातीत ती चारचौघांना ऐकवावी.