सड्याला गिऱ्हाईक आलं, तर



काल रात्री जेवणाच्या पंगतीत तुमच्यापैकी चौघांनी मला एकच प्रश्न विचारला : "सड्यावरची जमीन रिसॉर्टसाठी मागतात. देऊ काय?" डोंगरातली जागा पर्यटनाला योग्य आहे का, हे तपासणं माझा व्यवसाय. म्हणून सगळ्यांनाच एकदम सांगतो.

औली-गुलमर्गला बर्फावरच्या खेळांसाठी उतार बघताना नुसता देखावा बघून भागत नाही. उताराचं तोंड उत्तरेला आहे का, कारण तिथे बर्फ जास्त टिकतं; चढ किती; हिमस्खलनाची वाट कुठली, हे आधी बघावं लागतं. आपल्याकडे बर्फाच्या जागी पाऊस धरा. पाणी कुठे मुरतं आणि कुठे बाहेर येतं? बाईंनी शिकवलेल्या समोच्च रेषा इथेच उपयोगी पडतात.

आपला सडा जांभ्याचा, सच्छिद्र. पावसाचं पाणी त्यातून झिरपतं, खालच्या चिकण थरावर अडतं आणि पायथ्याशी झरा होऊन निघतं. त्यावर खालच्या वाडीच्या विहिरी आणि पोफळी जगतात. वर कातळ फोडून काँक्रीट घातलं, बोअर मारली, तर विहिरींचं पाणी कमी होऊ शकतं. वरच्या शोषखड्ड्यातलं सांडपाणीही त्याच वाटेने खाली येतं.

सातबाऱ्यावर कातळ 'पोटखराबा' म्हणून लागतो. आपणही म्हणतो, "ह्या कातळार काय पिकता?" पण आपल्याच तालुक्यातल्या कुडोपीची कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाशी सापडलेल्या छोट्या माशामुळे ती जागा २०२१ साली जैवविविधता वारसा स्थळ ठरली.

पर्यटनाला माझा विरोध नाही. १९९७ साली आपला जिल्हा पर्यटन जिल्हा जाहीर झाला आणि अनेक घरांत त्यामुळे चूल पेटते. सही करण्याआधी एवढं करा. सगळ्या हिस्सेदारांना एकत्र बसवा. खालच्या विहिरींची यादी करा, वैशाखात त्यांचं पाणी मोजून ठेवा. गुरांच्या आणि देवळाच्या वाटा नकाशावर दाखवा. पाणी मुरणारा भाग व्यवहारातून वगळा. शक्य असेल तर विकण्यापेक्षा भाडेपट्ट्याने द्या.

गिऱ्हाईक सहसा एप्रिल-मेमध्ये येतं, सूर्यास्त बघून भाव सांगतं. त्याला आषाढात परत बोलवा आणि भर पावसात सडा फिरवा. तेव्हाही घ्यायला तयार असेल, तर मला फोन करा. आपण दोघे मिळून जागा बघू.