यंत्र आले, ते शिकवा

वरोरची होडी क्षितिजाआड गेली की घरच्यांचा जीव टांगणीला लागतो. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे देशातील १ लाख मासेमारी नौकांवर ट्रान्सपाँडर बसविण्याच्या योजनेचा आरंभ झाला. यंत्र 'इस्रो'ने घडविलेले. बोटीवरचा निरोप उपग्रहामार्फत किनाऱ्यास पोचतो. वादळाची, सागरी सीमेची सूचना बोटीवर येते.

पण यंत्र बसविणे निराळे, शिकणे निराळे. रेडिओच्या साहाय्याने खेळातले विमान उडविणारा हौशी माणूसही नव्या ट्रान्समीटरची एकेक कळ आधी जमिनीवर तपासतो, दूर जाऊन सुकाणू हलते का पाहतो, मगच विमान सोडतो. आमच्या बोटीवर तर जिती माणसे आहेत!

डहाणू-तलासरीचे कितीतरी खलाशी गुजरातच्या बोटींवर राबतात. सीमा ओलांडल्याच्या आरोपावरून त्यांतील कित्येकांनी पाकिस्तानचा तुरुंग भोगला आहे. सूचना आली आणि ती एकट्या तांडेललाच वाचता येत असेल, तर तो आजारी पडल्यावर काय? म्हणून आम्ही मागतो ते एवढेच : बोट बंदरात असतानाच प्रत्येक खलाशाला यंत्र शिकवा, आणि तो दिवस पगारी धरा.