वाय-फायच्या पेटीची चावी कोणाकडे?

(महासंघाच्या बेलापूर, नवी मुंबई येथील प्रशिक्षणात झालेल्या भाषणाचा हा मजकूर आहे. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय ऐकून काही ताया म्हणाल्या, "राऊटरचं आमच्याकडं मुलगाच बघतो." म्हणूनच हा विषय घेतला.

आपल्या गटाची पेटी आठवा. पेटी एकीच्या घरी आणि चाव्या दुसऱ्यांकडे. कोणावर अविश्वास आहे म्हणून नाही, तर पैसा सगळ्यांचा आहे म्हणून. आता बैठकीच्या नोंदी लोकॉस ॲपवर जातात. पापड-मसाल्याचे पैसे क्यूआर कोडवर येतात. ज्या घरी वाय-फाय आहे तिथं हे सगळं एका छोट्या डब्यातून जातं. त्या डब्याची चावी म्हणजे पासवर्ड. तो कोणाकडे आहे, हे आपल्याला माहीत नको का?

घाबरवायचं म्हणून सांगत नाही. बँकेचं ॲप स्वतःचं वेगळं कुलूप लावूनच बोलतं, त्यामुळे राऊटर बिघडला की लगेच पैसे गेले असं होत नाही. पण राऊटर ज्याच्या ताब्यात गेला, तो तुम्हाला बँकेसारख्या दिसणाऱ्या खोट्या पानावर नेऊ शकतो. मे २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाचा व्हायरस उघडकीस आला. तो ५४ देशांत मिळून किमान ५ लाख राऊटर आणि तशाच यंत्रांमध्ये शिरला होता. बहुतेक जुनी यंत्रं होती. दुरुस्ती आली नव्हती, किंवा आली तरी कोणी घातली नव्हती.

ही दुरुस्ती कशाची? राऊटरच्या आत एक सॉफ्टवेअर कायमचं बसवलेलं असतं, त्याला फर्मवेअर म्हणतात. मोबाईलला जसं अपडेट येतं तसं यालाही येतं. अडचण अशी की कंपनी काही वर्षांनी जुन्या मॉडेलचं अपडेट थांबवते. डबा चांगला चालू असतो, पण त्याचं कुलूप जुनंच राहतं.

इथं पर्यायी फर्मवेअर कामाला येतं. त्याची गोष्ट ऐका. २००२ च्या शेवटी लिंकसिस कंपनीचा डब्ल्यूआरटी ५४ जी नावाचा राऊटर आला. त्याच्या आत लिनक्स, म्हणजे सगळ्यांसाठी खुलं असलेलं सॉफ्टवेअर वापरलंय, हे लोकांच्या लक्षात आलं. लिनक्सची अट अशी की वापरून विकलंत तर त्याची मूळ प्रतही लोकांना द्या. २००३ मध्ये कंपनीनं ती दिली. त्यातूनच २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी सुरू झालं. ते फुकट आहे, जगभरातले लोक मिळून सांभाळतात. एकीच्या वहीतला हिशोब सगळ्या तपासू शकतात, तसंच आहे हे.

पण त्याच गोष्टीत एक इशाराही आहे. २००५ मध्ये कंपनीनं त्याच नावाच्या राऊटरची पाचवी आवृत्ती काढली. बाहेरून तोच डबा, आत मेमरी निम्मी आणि सॉफ्टवेअर वेगळं. मग लिनक्सवाल्यांसाठी जीएल नावाचं वेगळं मॉडेल काढावं लागलं. म्हणून राऊटर घेताना नुसतं मॉडेल विचारू नका. खालच्या स्टिकरवर व्ही १, व्ही २ असं जे लिहिलेलं असतं, ते वाचा.

घेताना काय बघायचं?

पहिलं, गरज. छोटं घर आणि चार फोन असतील तर महागाचा राऊटर नको. २.४ गीगाहर्ट्झचा सिग्नल लांब जातो आणि भिंतीतून बरा पार होतो. ५ गीगाहर्ट्झचा वेगवान, पण जवळच्या जवळ. दोन्ही असलेला घ्यावा.

दुसरं, पुढंमागं फर्मवेअर बदलायचा विचार असेल तर ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत ते मॉडेल आणि तीच आवृत्ती आहे का, हे घेण्याआधी बघा. फ्लॅश मेमरी १६ एमबी आणि रॅम १२८ एमबी असेल तर निवांत चालतं. ४ आणि ३२ वाला जुना स्वस्तातला असेल तर त्यावर आताचं फर्मवेअर बसत नाही.

तिसरं, जागा. घराच्या मध्यावर, उंचावर ठेवा. लोखंडी कपाटात किंवा फ्रिजच्या मागे नको. वीज जात असेल तर छोटा यूपीएस मिळतो. मात्र अडॅप्टरवर जेवढे व्होल्ट लिहिलेत तेवढ्याचाच घ्या.

बदलायचं की नाही?

सरसकट सगळ्यांनी बदलायची गरज नाही. कंपनीचं अपडेट अजून येत असेल तर तेच घाला. इंटरनेट कंपनीनं फायबरसोबत दिलेल्या डब्याला तर हातच लावू नका, तो बहुतेक वेळा त्यांच्या मालकीचा असतो. फार तर त्याला केबलनं आपला स्वतःचा राऊटर जोडा आणि जे करायचं ते आपल्या राऊटरवर करा.

ज्यांना करायचंच आहे त्यांनी आधी जुना, बाजूला पडलेला राऊटर घ्या. त्यावर शिका. नेमक्या आवृत्तीचीच फाईल घ्या. वाय-फायवरून नाही, केबल लावून करा. मध्येच वीज गेली तर यंत्र विटेसारखं निपचित पडू शकतं. नव्या राऊटरची वॉरंटीही जाऊ शकते. आणि सिग्नलची ताकद वाढवायच्या फंदात पडू नका. त्याला कायद्याची मर्यादा आहे. देश विचारला की भारतच निवडा.

मिळतं काय? जुना डबा आणखी काही वर्षं वापरता येतो. पाहुण्यांचं वाय-फाय वेगळं ठेवता येतं. एकानं सिनेमा लावला म्हणून दुसरीचा व्हिडिओ कॉल अडकत नाही, कारण वेगाची वाटणी नीट करता येते.

हे फक्त शहराचं आहे असं समजू नका. आपल्या शेजारच्या पालघर जिल्ह्यात मुंबईच्या आयआयटीनं 'ग्राम मार्ग' प्रकल्प केला. टीव्हीच्या रिकाम्या लहरींवरून गावांपर्यंत इंटरनेट नेऊन दाखवलं. २०१७ मध्ये या प्रकल्पाला मोझिलाच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. २०२० च्या अखेरीस केंद्र सरकारनं पीएम-वाणी योजना मंजूर केली. तिच्यात किराणा दुकान किंवा चहाची टपरीसुद्धा परवान्याशिवाय सार्वजनिक वाय-फाय देऊ शकते. उद्या एखाद्या गटाला हा व्यवसाय करावासा वाटला, तर राऊटर कळणारी बाई गटातच असलेली बरी.

आता घरी गेल्यावर करायचं काम. याला पैसा लागत नाही.

- राऊटरच्या सेटिंगचा पासवर्ड बदला. तो ॲडमिन-ॲडमिन असाच असेल तर आजच बदला.
- वाय-फायचा पासवर्ड मोठा ठेवा. सुरक्षा डब्ल्यूपीए २ किंवा ३ निवडा. डब्ल्यूपीएस बंद करा.
- अपडेट आलंय का ते बघा.
- पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क सुरू करा.
- दोन्ही पासवर्ड कागदावर लिहून, पाकीट बंद करून कपाटात ठेवा. घरातल्या निदान दोघांना जागा माहीत असू द्या, आणि त्यातली एक तुम्ही असा.

कुठं फसवणूक होऊन पैसे गेलेच तर लाजू नका, घरच्यांच्या बोलण्याला भिऊन गप्प बसू नका. लगेच १९३० ला फोन करा. जेवढा उशीर, तेवढे पैसे लांब जातात.

मुलगा शिकवत असेल तर त्याच्याकडून जरूर शिका. पण शेजारी बसून स्वतःच्या बोटांनी करा. सही करायला शिकलो तेव्हा अंगठ्याची शाई सुटली. हेही तसंच सुटेल. पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं सांगायचं, पासवर्ड बदलला की नाही.