जामच्या रेतीतला कंठेरी चिखल्या



चैत्री पौर्णिमेला जामसांवलीत निजलेल्या मारुतीच्या दर्शनाला गर्दी लोटते, तेव्हा जाम नदीचं पाणी बरंच खाली गेलेलं असतं. उघड्या पडलेल्या रेती-गोट्यांत जरा नजर ठरवा. एखादा मातकट गोटा अचानक तुरुतुरु पळू लागला, तर तो कंठेरी चिखल्या समजा.

टिटवी सगळ्यांच्या ओळखीची. हा तिच्याच कुळातला, पण अंगानं चिमणीहून थोडाच मोठा. पाठ मातकट, पोट पांढरं. एवढ्यावरून मात्र ओळखायला जाल तर फसाल, कारण नदीकाठचे निम्मे पक्षी याच रंगाचे. गळ्याभोवतीचा काळा पट्टा पाहा, आणि मुख्य म्हणजे डोळ्याभोवतीचं पिवळं कडं. केंटिश चिखल्याचा पट्टा छातीवर तुटलेला असतो, त्याचे पायही काळे. तुतवाराला पट्टाच नाही. तो हिवाळी पाहुणा सतत शेपूट वरखाली करत चालतो. आपला चिखल्या पळतो, थबकतो, वाकून टिपतो. कधी एक पाय ओल्या चिखलावर थरथरवतो, म्हणजे आतले किडे हलतात आणि सापडतात. उडाल्यावर पंखावर ठळक पांढरी रेघ दिसत नाही. उतरत्या सुरात ‘पिऽऊ’ ऐकू येतं.

याची वीण साधारण मार्च ते मे, म्हणजे यात्रेच्याच दिवसांत. घरटं म्हणजे रेतीतला उथळ खळगा. त्यात बहुधा चार अंडी, निमुळती टोकं आत करून मांडलेली, आणि रंग असा की पाय पडेपर्यंत दिसू नयेत. कुणी जवळ आलं की पक्षी पंख मोडल्याचं सोंग करत लांब फरफटत जातो. कुत्रा फसतो, माणूसही फसतो. रेतीच्या ट्रॅक्टरपुढे मात्र हे सोंग चालत नाही.

हिवाळ्यात उत्तरेकडून याचेच भाऊबंद येतात आणि इथल्या बारमाही चिखल्यांत मिसळतात. आपल्याकडच्या उपजातीला ‘जेर्डोनी’ म्हणतात. मद्रासकडे डॉक्टरकी करत पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या थॉमस जेर्डन यांच्यावरून. ती उत्तरेच्या भाऊबंदांहून जरा लहान, आणि विणीच्या काळात तिचं पिवळं कडं अधिक ठसठशीत. थंडीत दोघांचेही रंग फिके पडतात, तेव्हा दुर्बीण असूनही त्यांना वेगळं सांगणं अवघडच.